शिंगांचा रंग

"मुक्या जनावराचं करून राहिली बाई, पुन्य लागन तुले," असं कुणी म्हटलं की मी त्याच्या हातात सरळ मलमाची ट्यूब देते. मग त्याला लगेच कुठेतरी जायचं असतं. कुणाचा गॅस चालू राहिलेला असतो, कुणाचं पोरगं ट्यूशनहून यायचं असतं. आमच्या गल्लीत पुण्याची चौकशी करणारे पुष्कळ आहेत. कुत्र्याला दोन मिनिटं धरून ठेवायला अजून कुणी आलेलं नाही.

कुत्रा आमचा गावठी, तांबूस रंगाचा. पाठीपासून पोटापर्यंत त्याच्या अंगावर आडवे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांवर केस नाहीत, नुसती कातडी, कुठे काळपट तर कुठे गुलाबी. नवीन माणूस विचारतो, ही कोणती जात? मी सांगते, आमच्या माहेरची. लोकांना वाटतं मी गंमत करते आहे.

माझं माहेर परतवाड्याच्या अलीकडच्या एका खेड्यात. संत्र्याची बाग, विहीर आणि विहिरीजवळ इंजिनाची खोली. आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणजे धाकटा भाऊ आणि त्याचा संसार, एवढंच उरलं होतं. राखीला मी जायची, भाऊबीजेला तो यायचा आणि हंगामात त्याच्याकडून संत्र्यांची क्रेट यायची. मी अमरावतीत घरीच ब्लाउज शिवते. त्या क्रेटमधली संत्री मी गिऱ्हाइकांना वाटायची आणि "माझ्या भावाच्या बागेतली" म्हणून सांगायची. मला त्याचा अभिमान होता, हे मान्य करायला आता त्रास होतो.

वांदरांचा त्रास खोटा नव्हता, तेही सांगते, नाहीतर म्हणाल बहीण एकतर्फी बोलते. काळ्या तोंडाची ती टोळी मेळघाटाच्या बाजूने उतरते. एक संत्रं खाते आणि दहा तोडून फेकते. भावाने फटाके फोडून पाहिले, पत्र्याचे डबे वाजवून पाहिले, गोफण घेऊन माणूस बसवला. वांदरं फटाक्यांना सरावली आणि माणूस झोपायला लागला. मग भावाने फोनवर कुठेतरी पाहिलं की कुणी कुत्र्याला वाघासारखं रंगवलं आणि वांदरं पळाली. बागेत कुत्रा होताच. पिल्लू असल्यापासून भावाच्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून गावभर फिरलेला.

रंगही घरात होता. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला, त्याच्या आधीच्या शेवटच्या पोळ्याचा अर्धा डबा गोठ्याच्या फळीवर पडून होता. बाबा बैलांची शिंगं आधी काळ्या ऑइलपेंटने चकचकीत करायचे आणि वरून बेगड लावायचे. तोच काळा ऑइलपेंट भावाने कुत्र्याच्या पाठीवर, कुशीवर, पोटावर पट्टे पट्टे मारून लावला.

त्याचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, आपल्या बागेत वाघ. सगळे नातेवाईक हसले. कुणी लिहिलं, वऱ्हाडी डोकं म्हणजे डोकं. मला मात्र त्या व्हिडिओत वेगळंच दिसत होतं. कुत्रा सारखी मान वळवून स्वतःची पाठ चाटत होता. मी भावाला फोन केला तर तो म्हणाला, वाळला की चाटणं बंद होईल.

वांदरं दोन-तीन दिवस लांब राहिली. मग एक हुप्प्या खाली उतरला, कुत्र्यासमोर बसला आणि त्याने आरामात संत्रं सोलून खाल्लं. हेही भावानेच मला हसत हसत सांगितलं.

होळीच्या आधी मी माहेरी गेले. कुत्रा दिसला नाही म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाला, असेल इंजिनाच्या खोलीत. तिथे अंधार होता आणि डिझेलचा वास. आधी माशांचा आवाज ऐकू आला, मग तो दिसला. जिथे पट्टे होते तिथले केस रंगासकट सुटून आले होते आणि खाली लाल मांस. मला पाहून त्याने शेपूट हलवलं. उठला नाही.

"काय केलं हे?" मी विचारलं.

"रंग निघत नव्हता ताई. लय खाजवून राहिला होता. मंग गड्याले सांगतलं, डिझेलनं पुसून टाक म्हनून."

"डिझेलनं?"

"आपल्या हाताले ऑइलपेंट लागला त आपन कायनं काढतो? डिझेलनंच काढतो न."

"अन् रंग लावलाच काऊन त्याले?"

तो जरासा चिडला. "पोळ्याले आपन बैलाच्या शिंगाले लावतच होतो न दरसाल. बाबाबी लावत होते. शिंगाले चालते त कुत्र्याले काऊन नाही चालनार?"

आता शिंग आणि कातडी यातला फरक शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगायचा? पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावायचे, पळसाच्या पानाने हळूहळू शेकायचे आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचे. हा लहान होता, वाटी धरून शेजारी उभा असायचा. जुवामुळे कातडी कुठे सोलते, तिथे हात कसा हलका ठेवायचा, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नंतर त्यानेही दरवर्षी खांदे शेकले. आमचं घर जनावराला जीव लावणारं, अशी गावात ख्याती. मला अडाणीपणाचा राग येत नाही. याला सगळं माहीत होतं आणि तरीही कुत्र्याला खांदा असतो हे त्याच्या डोक्यात आलं नाही, याचा राग येतो.

"मी घेऊन चालली याले," मी म्हटलं.

"ने न," तो म्हणाला. "इथं त मराले टेकलाच हाय."

हे "ने न" लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमरावतीच्या बाजारात संत्री घेऊन जाणारी एक गाडी त्याच दुपारी निघणार होती. परतवाड्याचा मुसलमान ड्रायव्हर, भावाचा माल नेहमी तोच नेतो. त्याने कुत्र्याकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "भाभी, बास मारता है. पीछे रखो, क्रेट से दूर. किराया लगेगा." मी भाडं दिलं, त्याने जुनी ताडपत्री अंथरून दिली आणि वाटेत दोनदा गाडी थांबवून कुत्र्याला पाणी पाजू दिलं. पुण्याचं नाव न काढता काम करणारा त्या दिवसांत भेटलेला तो पहिला माणूस.

अमरावतीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, हे इथलं काम नाही, अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या. अकोला माझं सासर. दिराच्या घरी राहता येईल म्हणून भाड्याची गाडी केली आणि नवऱ्याच्या मांडीवर कुत्रा देऊन निघालो. नवरा मूर्तिजापूर आल्यावर एवढंच म्हणाला, "थरथरून राहिला हा. खिडकी लाव."

अकोल्याची डॉक्टर कोल्हापूरकडची, तरुण पोरगी. तिने उरलेले केस कापले, जखमा धुतल्या आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"माझ्या सख्ख्या भावाने," मी म्हटलं. लपवायचं कशाला आणि कुणासाठी?

तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागली. काम करता करताच सांगत होती, "केस मुळापासून जळलेत, या पट्ट्यांच्या जागी परत येणार नाहीत. चाटून रंग पोटात गेलाय, त्यामुळे रक्त तपासावं लागेल, एकदा नाही, परत परत. रोज धुणं, रोज मलम. आणि वर्षभर तरी अंगावर ऊन पडू द्यायचं नाही." वर्षभर ऊन नको, हे ती मला अकोल्यात सांगत होती, मार्च महिन्यात.

जाऊबाईंनी कुत्र्याला मोरीत जागा दिली आणि मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही असं बजावलं. त्यांचं घर, त्यांचा नियम, त्यात माझी तक्रार नाही. पण जेवताना त्या म्हणाल्या, "लोकाईजवळ मानसाले दवाखान्यात न्याले पैसे नाही, अन् तू कुत्र्याले घेऊन आली."

मी म्हटलं, "मानसाले कोनी रंगवलं नव्हतं." त्यानंतर त्या घरात मला कुणी आग्रहाने वाढलं नाही.

दत्तक घेतला, असं हल्ली लोक म्हणतात. दत्तक म्हटलं की हार घालून फोटो काढल्यासारखं वाटतं. मी दत्तकबित्तक काही घेतला नाही, उचलून आणला. आणि आणल्यावर कळलं की हा खर्च एकदाच करून मोकळं होण्यातला नाही. औषधं संपतात आणि पुन्हा आणावी लागतात. रेबीजची लस, नसबंदी, दर खेपेला अकोल्याचं भाडं. लग्नसराईच्या कमाईतून मोटरवाली मशीन घ्यायची ठरवली होती, ती राहिली. अजून पायानेच मारते.

पण पैशाचं दुःख त्यातल्या त्यात बरं, ते एकदा रडून होतं. बाकीचं रोजचं होतं. गळ्यात प्लॅस्टिकचं भोंगं घातलं की त्याला दारातून जाता यायचं नाही, चौकटीला अडकून तो तसाच उभा राहायचा. भोंगं काढलं की चाटायचा. शेवटी मी टेप घेऊन त्याचं माप घेतलं, छाती, गळा, लांबी, पुढच्या पायांचे मुंढे. जुन्या सुती परकराचं कापड मऊ असतं, त्याचे पोटावर नाड्या बांधायचे अंगरखे शिवले. जखमेचं पाणी लागून ते रोज खराब व्हायचे आणि रोज उकळून काढावे लागायचे. आयुष्यात इतके मुंढे बसवले, पण चार पायांच्या गिऱ्हाइकाइतकी मापं कुणाचीच बदलली नाहीत. आधी सुकत गेला, मग हळूहळू भरत गेला.

दोन पायांची गिऱ्हाइकं मात्र कमी झाली. एका नवरीच्या आईला अस्तरात कुत्र्याचा केस सापडला. तिने लग्नाचे सगळेच्या सगळे ब्लाउज अर्धवट शिवलेले परत नेले आणि जाताना "घाण" हा शब्द दारात उभं राहून तीनदा म्हटला. गल्लीने ऐकला. त्याच गल्लीने मला आधी सांगितलं होतं की जखमेवर हळद-तेल लाव, मग सांगितलं राख लाव, मग कुणी म्हणालं डांबराच्या गोळ्या कुटून लाव. आणखी काहीतरी त्याच्या कातडीवर लावायला सगळे तयार होते.

मे महिन्यात कूलर त्याच्या खोलीत लावला. शेजारचे आजोबा नवऱ्याला म्हणाले, "मानूस घामानं निथळून राहिला अन् कुत्रं कूलरमंधी."

नवरा बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत होता. म्हणाला, "सासुरवाडीहून आला हाय काका. मान त द्याच लागन."

त्या उन्हाळ्यात मी हसले असेन तर तेवढंच. एरवी मी रागावर जगले. रोज सकाळी जखमा धुताना कुत्रा ओरडायचा, आणि मी मनात भावाला एकेक पट्टा मोजून दाखवायची. तो फोन करायचा, पावसाचं सांगायचा, संत्र्याच्या भावाचं सांगायचा. कुत्र्याचं विचारायचा ते असं, "हाय काय अजून?"

होता. पावसाळ्यात जखमा भरल्या. पट्ट्यांच्या जागी नुसती कातडी उरली, पण कुत्रा धावायला लागला, खायला लागला, दारावर भुंकायला लागला. माझी चूक एवढीच झाली की आनंदाच्या भरात मी ते फोनवर सांगून टाकलं.

दसऱ्यानंतर भावाचा फोन आला. "यंदा संत्र्याचा आंबिया बहार मस्त लागला हाय ताई. पन वांदरं पुन्हा उतरले. कुत्रा बरा झाला म्हनते न तू? भाऊबीजेले येतो त घेऊन जातो."

"तू त मले ने म्हनला होता."

"नेऊन बरा कर म्हनलो. ठेवून घे कधी म्हनलो?"

मग लगेच तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आता रंगवीन काय मी त्याले? पागल हाव काय? नुसता भुंकला तरी पुरे हाय."

त्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते. भाऊ फाटकात येईल, कुत्रा त्याला ओळखेल, अंगावरचे केस उभे करून गुरगुरेल, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. कुत्राच सगळं सांगून टाकेल. असं सगळं मी ठरवून ठेवलं होतं.

मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला आणि कुत्रा झोपेतून उठला. फाटकाकडे धावला तो रडतच. भाऊ आत आला तसा त्याच्या पायांवर लोळला, पोट वर केलं, त्याचे हात चाटले, पुन्हा लोळला. घरभर गोल गोल पळून पुन्हा त्याच्याच पायांशी. माझ्या घरात इतक्या महिन्यांत तो एवढा आनंदला नव्हता.

"ओयखलं काय रे मले?" भाऊ खाली बसून म्हणाला. त्याचेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. मग त्याचा हात पोटावरच्या उघड्या कातडीवर गेला आणि थांबला. एक पट्टा, दुसरा पट्टा. त्याने बरे झाल्यावर ते पहिल्यांदाच पाहिले होते. मला वाटलं, आता बोलेल. एक शब्द बोलला असता तरी मी सगळं सोडलं असतं, इतकी मी त्या क्षणी तयार होते.

"हे त मस्तच झालं ताई," तो म्हणाला. "आता रंग लावाचं कामच नाही उरलं." आणि हसला.

नवरा उठून आत गेला. मी पाट मांडला.

राग आला तरी पाटावरचा भाऊ ओवाळल्याशिवाय उठवायचा नाही, हे आईने शिकवलेलं. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. कुत्रा त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता. भावाने तबकात पाकीट ठेवलं. मी ते उचलून त्याच्या हातात परत दिलं.

"हे नको मले. कुत्रा ओवाळनीत दे."

"ताई, दुसरं काई माग. साडी माग. ते मोटरची मशीन पायजे होती न तुले, ते माग. हा गेला त मी बागेचं काय करू?"

"वांदरं याले भेले होते काय? त्याच्यासमोर बसून संत्रं खाल्लं म्हने, तूच सांगतलं."

तो उठला. त्याचाही चेहरा आता बदलला होता. "कुत्रा माहा हाय. माह्या हातानं वाढवला हाय. तुले खरं नाही वाटत न? त्यालेच इचारू कुठं राह्यचं हाय ते." असं म्हणून त्याने फाटक उघडलं आणि मोटरसायकलवर जाऊन बसला.

कुत्रा माझ्याकडे पाहायलाही थांबला नाही. एका उडीत टाकीवर चढला, पुढचे दोन पाय हँडलवर ठेवले आणि तोंड रस्त्याकडे करून बसला. पिल्लू असताना बसायचा तसाच. शेपूट भावाच्या पोटावर आपटत होतं. शेजारचे आजोबा ओट्यावरून पाहत होते.

"पाह्य," भाऊ म्हणाला.

मी गेले आणि कुत्र्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. तो गुरगुरला. ज्या गुरगुरण्याची मी दसऱ्यापासून वाट पाहत होते, ते माझ्या वाट्याला आलं. मनगटावर दातही लागले. मी सोडलं नाही. उचलून छातीशी धरला, आत आले आणि पायाने फाटक लावलं.

"त्याले समजत नाही," मी फाटकाआडून म्हटलं. "तुले समजाले पायजे होतं."

भावाच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. मग त्याने किक मारली. ते पाकीट तो फाटकावर ठेवून गेला, नवऱ्याने दुसऱ्या दिवशी त्यातल्या पैशांची त्याच्या नावाने मनीऑर्डर करून टाकली.

त्या हंगामात संत्री आली नाहीत. राखीला मी गेले नाही, त्याने बोलावलंही नाही. नातेवाइकांत म्हणतात, कुत्र्यापायी सख्खा भाऊ तोडला. म्हणोत. आईच्या माघारी मला माहेर उरलं नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. सणावाराला फार कळतं.

कुत्रा इथेच आहे. त्याने भावाला केव्हाच माफ केलं, बहुतेक इंजिनाच्या खोलीतच केलं असेल. मी केलेलं नाही. रोज दुपारी त्याला कुशीवर निजवून मी पट्ट्यांवर मलम लावते, नाहीतर कातडी तडकते. मधेच रस्त्यावरून एखादी मोटरसायकल येते. माझ्या हाताखाली त्याचं अंग ताठ होतं, कान उभे राहतात, शेपूट फरशीवर आपटायला लागतं. गाडी पुढे निघून जाते. तो मान खाली टाकतो, आणि मी त्याला दुसऱ्या कुशीवर वळवते.